अप्पांनी उघडलेले डोळे

लातूरच्या ट्यूशन एरियात शिरलं की आधी पोरं दिसत नाहीत, आधी फ्लेक्स दिसतात. पासपोर्ट फोटो ताणून दाराएवढे केलेले चेहरे, खाली ढीगभर मार्क, अन् त्याखाली क्लासचं नाव पोराच्या नावापेक्षा मोठं. तर त्या रांगेत, डॉक्टर व्हायला निघालेली एक पोरगी अन् इंजिनिअर व्हायला निघालेला एक पोरगा, या दोघांच्या मधोमध मनस्विनीला स्वतःचं नाव दिसलं. अन् तिनं काय करावं? चालत्या गाडीचं दार उघडलं.

"अगं ए मने! मरतीस का काय!" तिच्या भावानं, अंबरीशनं, करकचून ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला शिव्या घालत बाजूनं निघून गेला.

मनस्विनी केव्हाच खाली उतरून फ्लेक्ससमोर उभी राहिली होती. रात्रभर विमान, मग हैदराबादेहून उदगीरमार्गे बस, अंगावर दोन देशांची धूळ, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग. अन् समोर हे. 'आंतरराष्ट्रीय फोटोपत्रकार कु. मनस्विनी अनंतराव कंधारकर व ज्येष्ठ छायाचित्रकार श्री. अनंतराव कंधारकर, नांदेड. बाप-लेकीचा भव्य सत्कार.' डावीकडं फेटा बांधलेले अप्पा. उजवीकडं ती, कॉलेजातल्या जुन्या फोटोतली, वेणी घातलेली. अन् मध्ये, सगळ्यात मोठा, तिनं काढलेला फोटो.

फोटो तिचाच होता. मोरोक्कोच्या भूकंपातला. डोंगरातल्या एका गावात अंगणात चटईवर एक बाई निजवलेली आहे, अन् तिची लेक वाकून तिच्या हनुवटीखाली रुमालाची गाठ बांधते आहे, शेवटची. आई दफनाला निघायची आहे, रुमाल वाकडा नको. एवढंच. ना रडणं, ना ओरडणं. जगभर छापून आला होता तो फोटो, बक्षीस मिळालं होतं, त्याच्यावरच तर आजचा सत्कार होता.

फक्त फ्लेक्सवर त्या मेलेल्या बाईचे डोळे उघडे होते.

अन् असे तसे उघडे नाहीत. ती लेकीकडं बघत होती. डावा डोळा जरासा बारीक, आता हसंल मग हसंल असा. ते डोळे मनस्विनीला पाठ होते. मोरोक्कोतल्या बाईचे उघडे डोळे तिनं कधी बघितलेच नव्हते. हे डोळे तिच्या आईचे होते. सिंधूचे. चार वर्षांपूर्वी गेलेल्या आईचे.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं. खरं तर विचारायची गरजच नव्हती. असे डोळे उघडणारा माणूस आख्ख्या नांदेड जिल्ह्यात एकच होता.

"अप्पांनी," अंबरीश म्हणाला, अन् वर हसला बघा! "कसलं झालंय ना? अगं, शुभ कार्यक्रम. आत्या म्हणली, मेलेली बाई कशी लावायची फ्लेक्सवर, लोक काय म्हणतील. तर अप्पा म्हणले, आण इकडं, डोळे उघडून देतो."

आता यात अंबरीशला काही वावगं वाटलं नाही, हेही खरंच आहे. कंधारकर फोटो स्टुडिओची ती रीतच होती. ज्या माणसाचा जन्मात फोटो निघाला नाही असं माणूस गेलं, की घरचे लोक मयताचा एखादा फोटो घेऊन नांदेडच्या वजिराबादेत अप्पांच्या दारात यायचे. भोकरहून, नायगावहून, पार धर्माबादेहून. अप्पा बारीक ब्रश घेऊन बसायचे अन् त्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचे. अंगावर कोट चढवायचे, कपाळी कुंकू लावायचे, अन् माणूस भिंतीवर परत घरात यायचं. त्याच दुकानात, त्याच वासात दोघं भावंडं वाढली. एकानं ते दुकान धरलं. दुसरीनं बाराखडीतल्या सगळ्या देशांचे व्हिसे धरले.

मनस्विनीनं खिशातून फोन काढला. सकाळी हैदराबादेत उतरल्यावर तिचे फोटो विकणाऱ्या पॅरिसच्या एजन्सीतून एक निरोप आला होता. मजकूर दिसला होता, चित्रं रेंजअभावी उघडली नव्हती. मजकूर तिला येडपटच वाटला होता: 'दोन्हींपैकी खरा कुठला?' आता चित्रं उघडली. एकाशेजारी एक, दोन फोटो. एकात डोळे मिटलेले. एकात उघडे.

"दादा, हा फोटो अजून कुणाला दिलास?"

"कुणाला म्हणजे... इथल्या पेपरला दिला. छापला की त्यांनी कालच, नेटवर पण टाकला. 'माय-लेकीची माया' म्हणून." अंबरीशच्या चेहऱ्यावरचं हसू आता हळूहळू उतरायला लागलं. "कामून? काय झालं?"

"माझं सगळं संपलं, दादा," मनस्विनी म्हणाली. "तेवढंच झालं."

*

सौदामिनी आत्यांच्या घरात त्या दिवशी लग्नघर असावं तसा गोंधळ. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, रिटायर्ड मुख्याध्यापिका, अन् रिटायर झाल्या तरी घंटा त्यांच्याच हातात. सत्कार त्यांच्या महिला मंडळाचा, फ्लेक्सच्याच रस्त्यावरचा हॉल त्यांनी ठरवलेला, प्रमुख पाहुणे त्यांचे, फेटे त्यांचे. फ्लेक्सची जागा मात्र त्यांच्या लेकीनं, भार्गवीनं मिळवली होती. ती एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची, तिच्या सरांना सांगून तिनं टॉपरांच्या रांगेत बहिणीला घुसवलं होतं.

"ये गं माझी बाई!" आत्यांनी दारात तुकडा ओवाळून टाकला. "किती वाळलीस. धपाटे केलेत, दही लावलंय, आधी बस खायला."

"आत्या, फ्लेक्स काढायला सांगा."

"काय?"

मग मनस्विनीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती कुणाची नोकर नव्हती. कॅमेरा तिचा, तिकीट तिचं, आजारी पडली तर दवाखाना तिचा. आफ्रिकेतला चाड देश असो, मोरोक्को असो, पाठीशी कुठलाच पेपर नाही, कुठला साहेब नाही. तिच्याकडं विकायला एकच माल होता. 'मी दाखवते ते असंच होतं,' हा शब्द. फोटोत बोटभर बदल केला असं एकदा ठरलं की कुठलीच एजन्सी परत दारात उभं करत नाही. मागं काढलेले फोटोसुद्धा बाद. अन् पॅरिसवाल्यांचा वाटेत दुसरा निरोप आला होता, आज संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी हव्यात: कॅमेऱ्यातली मूळ फाइल, अन् हा बदल कुणी केला त्याचा लेखी खुलासा.

"एवढंच ना?" आत्यांनी चष्मा सारखा केला. गणित सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मग फाइल दे पाठवून. अन् लिही, अज्ञात व्यक्तीनं केला. नेटवर काय, कुणीही काहीही करतंय."

"हाव ना," अंबरीश लगेच म्हणाला. "त्यांना पॅरिसमध्ये काय कळतंय, नांदेडात कोण बसलंय ते."

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? नाव लिहू नको, बस्स."

"आई, पण ताईचं बरोबर आहे," भार्गवी मध्ये पडली. ती मनस्विनीच्या बाजूला येऊन उभीच राहिली. "खुलाशातच खोटं सापडलं तर मग तर मेलंच सगळं. लिही गं ताई, मामांनी प्रेमानं केलं, चुकून केलं, झालं."

"तू गप," अंबरीश म्हणाला. "तुला काय माहितेय?" तो मनस्विनीकडं वळला, अन् त्याचा आवाज खाली आला, कारण आतल्या खोलीत अप्पा दुपारचे झोपले होते. "आई गेल्यापासून अप्पांनी ब्रश हातात धरला नव्हता. मोतीबिंदू झाला, हात हलायला लागले. दुकानात येऊन नुसते बसायचे, रस्त्याकडं बघत. मी म्हणायचो, अप्पा, डोळ्याचं काम आलंय. म्हणायचे, आता न्हाई जमत. अन् ह्या फोटोसाठी बसले, मने. पोरीचा फोटो आहे म्हणले. जेवायला उठेनात. भिंगाखाली मान घालून रंग लावून राहिले होते. मी स्कॅन करून दिला. किती दिवसांनी माणूस हसला माहितेय? आता तू जगाला लिहून सांग, माझ्या बापानं फोटो बाटवला म्हणून. सांग!"

भार्गवीनं मनस्विनीच्या दंडावरचा हात हळूच काढून घेतला. तेवढंच. पण मनस्विनीला ते बरोबर कळलं.

"ताई," भार्गवी पुटपुटली, "मग नाव नको टाकूस ना. तेवढं नको."

"बघितलंस?" आत्या म्हणाल्या. "तू तर येशील अन् जाशील. तुझं काय, आज इथं, उद्या कुठल्या सरहद्दीवर. त्याला त्याच वजिराबादेत बसायचंय. सिंधू गेली तेव्हाही तू नव्हतीस. आता त्याच्या उतारवयात त्याची बेइज्जती करायला बरी आलीस?"

हे लागलं. लागावं म्हणूनच बोलल्या होत्या म्हणा. मनस्विनीनं खाली बघितलं नाही, एवढं मात्र तिनं सांभाळलं.

"आत्या, आई गेली तेव्हा मी चाडमध्ये होते, विमानं बंद होती. ते तुम्हाला माहितेय, तरी तुम्ही काढता. काढा. पण मी अज्ञात-बिज्ञात लिहिणार न्हाई."

"आवाज खाली! उठेल तो."

"उठू दे की. त्यांच्यावरच चाललंय सगळं."

अन् तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराची कडी वाजली. अप्पाच. पांढरा सदरा, विस्कटलेले केस, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. आवाज ऐकून बाहेरच्या ओट्यावरून किशनरावही आत आले. किशनराव म्हणजे भोकरकडचे शेतकरी, अप्पांचे जुने गिऱ्हाईक, पुढं मित्रच झालेले. सत्काराला म्हणून धर्माबादची मिरची घेऊन सकाळीच येऊन बसले होते.

"कशाचा कालवा चाललाय?" अप्पांनी विचारलं.

"फेट्याचा," आत्या झटक्यात म्हणाल्या. "भगवा बांधायचा का गुलाबी."

"फेट्यावरून एवढं?" अप्पा लेकीकडं बघून हसले. "कधी आलीस गं? बघितलास का फ्लेक्स?"

अंबरीशनं डोळे मोठे केले. भार्गवीनं ओठ चावला. आत्यांनी मान हलवली, नाही, नाही, नाही. घरातली सगळी माणसं एका बाजूला अन् ती एकटी एका बाजूला, असं झालं. अशा बाजूला मनस्विनी जगात कितीदा तरी उभी राहिली होती. पण समोर बंदूक असली तरी बरं, ती सांगायची, समोर धपाटे असले की लई अवघड जातं.

"बघितला," ती म्हणाली. "अन् अप्पा, तुम्ही माझं काम मोडलंत."

तिनं सगळं सांगितलं. पॅरिस, फाइल, खुलासा. अप्पा ऐकत गेले अन् त्यांचा चेहरा रागानं लाल होत गेला.

"मी मोडलं? मी?" ते म्हणाले. "ह्या हातांनी किती घरांत माणसं परत आणून बसवलीत, जा विचार भोकरला! विचार नायगावला! ते सगळं खोटं काय? तुझं तेवढं खरं? तू मेलेलं माणूस मेलेलं दाखवतीस, त्यात काय हुशारी? त्याला तर मरणच पुरेसं आहे!"

"मला तेच दाखवायचं होतं!"

"मग दाखव! मी त्या बिचारीला जरा नीट केलं, तर बापाला नावं ठेवून राहिलीस?"

"थांबा जी," किशनराव मध्येच बोलले. त्यांना वाटलं आपल्या मित्राची बाजू घ्यावी. ते मनस्विनीसमोर बसले, हात जोडल्यासारखे गुडघ्यावर ठेवून. "पोरी, मह्या मायचा एकबी फोटू नव्हता. ती गेली तव्हा पुतण्यानं मोबाईलवर काढला, तेवढाच. तुह्या बापानं त्याचे डोळे उघडून देले. रोज सकाळी म्या तिच्याकडं बघतो, तव्हा ती बी मह्याकडं बघती. आता ह्याला तू खोटं म्हनशील?"

"न्हाई काका," मनस्विनी म्हणाली. ते तिनं मनापासूनच म्हटलं. "ते खोटं न्हाई."

"आन् किती मेहनत घेतली व्हती यांनी, इचार. दोन खेपा गावाकडं आलते. मायचे डोळे कशे व्हते, काळे का घारे, बघताना भुवई उचलायची का. आमी समदे बहीण-भाऊ बसलो, एकेकाला इचारलं. उघडू का, म्हनून. धाकटी म्हनली, अप्पा, उघडू नका, मला न्हाई बघवणार. तर तिच्यासाठी येगळा करून देला, मिटल्या डोळ्याचा. तिच्या घरात तसाच हाय अजून."

किशनराव थांबले. तारीफ करायला गेले होते बिचारे. पण सगळे अप्पांकडं बघायला लागले, तसं त्यांच्याही ध्यानात आलं की आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो.

'उघडू का?' मनस्विनीला ते शब्द लहानपणापासून पाठ होते. काउंटरच्या मागं गृहपाठ करत बसलं की ऐकू यायचे. कितीही गर्दी असो, लग्नसराई असो, अप्पा हातातलं काम ठेवायचे, खुर्चीतून उठायचे, अन् समोर आलेल्या माणसाला उभं राहून विचारायचे. हो आलं तरच ब्रश. कुणी मान हलवली तर फोटो तसाच फ्रेममध्ये.

"अप्पा," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता. "हिच्या लेकीला विचारलंत?"

"ती कुठं, आपण कुठं," अप्पा म्हणाले. "कसं विचारणार?"

"मला विचारायचं. फोन चालू होता माझा. रोज बोलत होतो आपण."

अप्पांनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"तू नको म्हणली असतीस," ते म्हणाले.

"हाव. नको म्हणले असते. कारण तिनंच मला सांगितलं होतं. दरड पडून रस्ता बंद, मदत पोचलीच न्हाई, आई ढिगाऱ्याखाली किती तरी वेळ जिवंत होती, बोलत होती. मी कॅमेरा उचलायच्या आधी विचारलं, काढू का? दुभाष्याला ती म्हणली, काढ. पण कुणी बघून म्हणलं ना, की ही झोपलीय, तर सांग, न्हाई. मेलीय. रस्ता आला न्हाई म्हणून मेलीय." मनस्विनीनं श्वास घेतला. "मी शब्द दिला होता, अप्पा. अन् इथल्या पेपरात खाली छापलंय, माय-लेकीची माया."

"बाप रे," भार्गवी हळूच म्हणाली.

"अन् डोळे कुणाचे घातलेत?"

आता मात्र अप्पांनी मान वर केलीच नाही. अंबरीश गोंधळला. "कुणाचे म्हणजे? काढले त्यांनी, मनानंच." भार्गवीनं फोनवर फ्लेक्सचा फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, अन् आईपुढं धरला. आत्यांनी चष्मा पुसला. घातला. बघितलं.

"अगं बाई," आत्या म्हणाल्या. "सिंधू."

अंबरीशनं फोन हिसकावूनच घेतला. स्वतः स्कॅन केलं होतं त्यानं, स्वतः छापायला दिलं होतं, अन् त्याला दिसलं नव्हतं! तो त्या डाव्या, बारीक डोळ्याकडं बघत राहिला अन् खुर्चीत बसला.

"मुद्दाम न्हाई केलं," अप्पा खालीच बघत म्हणाले. "दुसरे येतच नव्हते हाताला. चार वेळा पुसले. तेच यायचे."

आत्यांनी पदर डोळ्याला लावला, पण मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच. "झालं ना? आता तरी पुरे कर, मने. त्यानं बायकोचे डोळे घातलेत, अन् तू त्याच्याविरुद्ध लिहिणार?"

"लिहिणार."

"दगड आहेस!"

"असू दे. आत्या, ह्या फोटोत दोन बायका झाल्यात. दोघी गेलेल्या. एकीचे डोळे दुसरीला लावले, तर एकीचं मरण गेलं अन् एकीचे डोळे गेले. मी आईलाही असं न्हाई वापरू देणार. कुणालाच. तुम्ही मला सत्काराला बोलवू नका, परत लातूरला बोलवू नका. पण मी खरं लिहिणार."

बाहेर आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत गेली. अन् मग अप्पांनी काय विचारावं?

"त्या पॅरिसवाल्यानं नेमकं काय विचारलंय?"

"खरा कुठला, म्हणून."

"म्हणजे त्याला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"मोठा एडिटर आहे तो?"

"लई मोठा."

"जोड दिसली न्हाई त्याला? पापणीपाशी? सावलीत?"

"न्हाई दिसली, अप्पा."

अप्पा खुर्चीत ताठ बसले. खरं सांगायचं तर त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर काय चमक आली! हात हलणारा माणूस, मोतीबिंदूचा माणूस, अन् पॅरिसला चकवून बसलेला.

"लिही मग," ते म्हणाले. "माझं नाव घाल. पूर्ण. अनंतराव कंधारकर, कंधारकर फोटो स्टुडिओ, वजिराबाद, नांदेड. स्पेलिंग चुकवू नको. अन् लिही, लेकीला न विचारता केलं, बाईच्याही अन् माझ्याही. अज्ञात-बिज्ञात लिहिलंस तर याद राख! असलं काम अज्ञाताच्या बापाला जमायचं न्हाई."

"अनंता!" आत्या म्हणाल्या.

"तू फेट्याचं बघ, अक्का."

*

खुलासा गेला. मूळ फाइल गेली. मनस्विनीनं अप्पांचं नाव तीनदा तपासून घातलं. उत्तर यायला वेळ लागला नाही, अन् ते काही गोड नव्हतं. खरेपणाबद्दल आभार, चौकशी होईल, तोवर तुमचे सगळे फोटो विक्रीतून बाजूला. सगळे. या खेपेला चाडमध्ये काढलेलेही, जे आठवडाभरात छापायचे ठरले होते.

"म्हणजे?" भार्गवीनं विचारलं.

"म्हणजे मूळ फाइल बोलेल तोवर मी गप्प," मनस्विनी म्हणाली. "बोलेल ती. मला माहितेय काय आहे तिच्यात."

"अन् नाही बोलली तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. कॅमेरा काय त्यांनी दिलाय मला?"

आता राहिला फ्लेक्स. आत्या म्हणाल्या, पाहुणे उदगीर नाक्यापर्यंत आलेत, सरळ काढून टाका, त्या जागी नुसता पडदा लावू. मनस्विनी म्हणाली, काढा. अंबरीश कात्री घेऊन निघालाही. पण अप्पांनी चप्पल घातली.

"काढून कामून टाकायचा? चुकलं कुठं? पापण्यांवर. तेवढं दुरुस्त करतो. अंबरीश, कोपऱ्यावर हार्डवेअर आहे बघ. तपकिरी घे, पांढरा घे, थोडा पिवळा. डबीतले, ऑइलपेंट. एक ब्रश. अन् शिडी."

अंबरीश क्षणभर उभा राहिला. दुपारपासून तो बहिणीच्या विरुद्ध होता, आत्यांच्या बाजूनं होता. कात्री त्यानं खिशात घातली अन् पळत सुटला. शिडी त्यानं शेजारच्या क्लासच्या वॉचमनकडून आणली. डब्या फोडल्या, एका झाकणात रंग ओतून दिले. अप्पा काडीनं कालवत गेले, थोडा पिवळा, परत थोडा तपकिरी, हाताच्या पाठीवर लावून बघत, फ्लेक्सकडं बघत. अंगाचा रंग तयार झाला.

क्लास सुटले होते. पाठीवर दप्तरं लावलेली पोरं शिडीभोवती जमली. "काका, काय करताय?" एकानं विचारलं. "हे कुणाचे टॉपर?" दुसऱ्यानं. भार्गवीनं मास्तरणीच्या आवाजात सगळ्यांना दोन पावलं मागं रेटलं. किशनरावांनी शिडीची एक बाजू धरली, मनस्विनीनं दुसरी. कॅमेरा तिच्या गळ्यात लोंबत होता.

अप्पा एकेक पायरी चढत गेले. आत्या खाली उभ्या राहून म्हणत होत्या, अरे पाय, अरे पाय सांभाळ. वर पोचले. ब्रश झाकणात बुडवला. त्या मोठ्या चेहऱ्यासमोर त्यांचा चेहरा आला, अन् ती बाई त्यांच्याकडं बघत होती, डावा डोळा बारीक करून, आता हसंल मग हसंल. अप्पांचा हात उचललेला तसाच राहिला. किती वेळ. ब्रशवरून रंगाचा एक थेंब पडला, मनस्विनीच्या मनगटावर.

मागं हॉर्न वाजला. पाहुण्यांची पांढरी गाडी गर्दीत अडकली होती.

"अनंता, आले ते! खाली उतर, शोभा होती!" आत्या कळवळल्या.

अप्पांनी तिकडं बघितलं नाही. ते शिडीवर ओणवे झाले, खाली लेकीकडं. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. अन् दुकानात उभं राहून विचारायचे तसंच, त्याच आवाजात, त्यांनी विचारलं.

"मने, मिटू का?"

आई गेली तेव्हा हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला ती तिथं नव्हतीच. मनस्विनीनं वर बघितलं. आईनं तिच्याकडं बघितलं, भर रस्त्यात, दोन टॉपरांच्या मधून.

"थांबा जरा," ती म्हणाली.

अप्पा थांबले. सगळे थांबले. गाडीवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता, तो तेवढा थांबला नाही.

"हं," मनस्विनी म्हणाली. "मिटा, अप्पा."

"ताई, फोटो काढ ना!" भार्गवी ओरडली. "अगं, असा फोटो परत मिळेल का?"

"दोन्ही हात शिडीला आहेत," मनस्विनी म्हणाली.

गाडीतून कुणीतरी खाली उतरून विचारलं, काय चाललंय, रस्ता का अडवलाय. हॉर्न परत सुरू झाला.

"वाजवू दे त्याला," अप्पा वरून म्हणाले, अन् ब्रश टेकवला. "तू हलू नको. नीट धर."